ऑपरेशन टेबलावर रुग्णाला नीट झोपवायचं कसं? ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतल्या ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांत, तालुक्याच्या गावच्या छोट्या नर्सिंग होममध्ये काम करणाऱ्या सिस्टर, ब्रदर, ओटी टेक्निशियन आणि मावशी-मामांसाठी हे पान आहे. झोपेत आपला हात अवघडला की आपण कूस बदलतो. भूल दिलेल्या माणसाला ते जमत नाही आणि बोलताही येत नाही. तासाभराच्या ऑपरेशनात हाताची किंवा पायाची नस दबली, तर टाके सुकल्यावरही तो माणूस कित्येक महिने बधिर हाताने किंवा लटक्या पायाने वावरतो. यातलं बरंचसं टाळता येतं, आणि त्यासाठी महागडं सामान लागत नाही.

रुग्णाला झोपवायची जबाबदारी नेमकी कोणाची?

सर्जन, भूलतज्ज्ञ, सिस्टर आणि टेक्निशियन या सगळ्यांची. मात्र हलवताना हुकूम एकाचाच चालतो आणि तो डोक्याशी उभ्या असलेल्या भूलतज्ज्ञाचा. श्वासाची नळी त्यांच्या हातात असते. त्यांनी "एक, दोन, तीन" म्हटल्याशिवाय कोणी रुग्णाला हात लावून ओढायचं नाही. त्याआधी टेबलाचे आणि ट्रॉलीचे, दोन्हींचे ब्रेक पायाने दाबून बघायचे. नुसतं नजरेने बघणं पुरत नाही. ट्रॉली सरकून रुग्ण मधल्या फटीत पडणं हा जुना अपघात आहे आणि तो आजही होतो.

ओटीत घेण्याआधी रुग्णाला काय विचारायचं?

ज्या अवस्थेत ऑपरेशन होणार आहे, त्या अवस्थेत तो जागेपणी आरामात राहू शकतो का, हा एकच प्रश्न खरा महत्त्वाचा. लिथोटॉमी (उताणं झोपवून दोन्ही पाय वर खांबांत ठेवायची अवस्था) द्यायची असेल तर वॉर्डातच दोन्ही गुडघे पोटाकडे घ्यायला आणि बाजूला फाकवायला सांगा. हात बाहेर पसरायचे असतील तर दोन्ही हात वर करायला लावा. मान दोन्हीकडे वळते का, तेही बघा. केळीचे घड डोक्या-खांद्यावर वाहणाऱ्या रावेर-यावलकडच्या मजुराची मान आखडलेली असू शकते. भुलेत स्नायू सैल पडले की ती मान सहज वळते, आणि दुखणं नंतर सुरू होतं.

प्रमाण मराठीत विचारलं की म्हातारी माणसं नुसती मान डोलावतात. अहिराणीत विचारा: "हातमा मुंग्या येतस का?", "हात वर जास का?", "कोठे दुखस?" पावरी किंवा भिली बोलणारा रुग्ण असेल तर त्याच्या घरच्या माणसाला सोबत घ्या. आधीपासून मुंग्या किंवा बधिरपणा असेल तर केसपेपरवर आधीच लिहून ठेवा. मधुमेही माणसाची, दारूचं व्यसन असलेल्याची आणि फार बारीक अंगाच्या माणसाची नस लवकर दुखावते.

जोडवी, कडी, करदोडा काढायलाच हवेत का?

हो. धातू अंगात रुततो, कॉटरीच्या (विजेने कापून रक्त थांबवायच्या यंत्राच्या) वेळी भाजण्याची भीती असते, आणि ऑपरेशननंतर बोट सुजलं की जोडवं बोटात घुसतं. सातपुड्यातल्या बायकांच्या पायातले चांदीचे जड कडे कधी कधी वर्षानुवर्षं काढलेले नसतात. ते ओटीच्या दारात ओढाओढ करून काढू नका. आदल्या संध्याकाळी साबणाचं पाणी किंवा जेली लावून घरच्या बाईच्या हाताने काढून घ्या, आणि तिच्याच ताब्यात देऊन सही घ्या. मंगळसूत्राबद्दल हळव्या असणाऱ्या बाईला काळी पोत मनगटाला दोऱ्याने बांधून चालेल का, हे भूलतज्ज्ञांना विचारून घ्या. मात्र त्यात धातूचा मणी असेल तर नाही. मुळीच न निघणारं कडं असेल तर त्याच्याखाली कापूस भरून ते गुंडाळा, कॉटरीची प्लेट (यंत्राची वीज परत नेणारी, अंगाला चिकटवायची पट्टी) त्याच्यापासून दूर लावा आणि नोंद करा.

उताणं झोपवताना हात किती बाहेर काढायचे?

९० अंशांच्या आत. ही मर्यादा आहे. ८० अंशांवर थांबलात तर सर्जन टेकून पुढे सरकले तरी हात मर्यादेपलीकडे जात नाही. आर्मबोर्डची (हात ठेवायच्या, टेबलाला जोडलेल्या फळीची) गादी टेबलाच्या गादीइतक्याच उंचीची हवी. ती खाली असेल तर खांदा मागे लोंबतो आणि काखेतून जाणारं नसांचं जाळं ताणलं जातं. तळवा वर ठेवा, निदान अंगठा तरी वर असू द्या. तळवा खाली केला की कोपराच्या आतल्या बाजूच्या खाचेतली अल्नर नस थेट फळीवर येते. कोपर आपटल्यावर करंगळीपर्यंत जी कळ जाते, ती याच नसेची. कोपराखाली मऊ पॅड घाला. डोकं सरळ ठेवा. हात उजवीकडे आणि मान डावीकडे अशी ठेवण झाली की ताण आणखी वाढतो.

हात अंगालगत गुंडाळायचे असतील तर?

आडवी चादर रुग्णाच्या अंगाखालून काढा, हातावरून घ्या आणि पुन्हा रुग्णाच्याच अंगाखाली खोचा. गादीखाली खोचली तर चादर हळूहळू सुटते आणि हात लोंबून टेबलाच्या लोखंडी कडेवर येतो. तळवा मांडीकडे असू द्या, कोपर झाकलेलं असू द्या.

इथे एक धोका हमखास विसरला जातो. गुंडाळलेल्या हातातली सलाईनची सुई निसटली तर कोणाला दिसत नाही आणि औषध तासभर कातडीखाली साचत राहतं. म्हणून गुंडाळण्याआधी सलाईन मोकळी धावते का बघा, आणि मध्येमध्ये चादरीखाली हात घालून सूज चाचपा.

टाचेखाली पाण्याने भरलेले हातमोजे ठेवतो. बरोबर आहे का?

नाही. पाण्याचे हातमोजे, सलाईनच्या पिशव्या आणि भोक असलेली गोल कडी, ही तिन्ही टाचेखाली ठेवू नयेत. टाच गोल असते, मोज्याला टेकणारी जागा छोटी असते आणि सगळा दाब तिथेच जमतो. गरम केलेली सलाईनची पिशवी तर भाजते, आणि भूल दिलेल्या माणसाला ते कळतही नाही.

टाच हवेतच राहायला हवी. पोटरीच्या पूर्ण लांबीखाली मऊ उशी द्या, गुडघा ५ ते १० अंश वाकलेला राहू द्या आणि टाच व गादी यांमधून हात फिरतो का बघा. गुडघा अगदी सरळ ताठ राहिला तर मागची शीर दबते आणि रक्ताची गाठ होण्याची शक्यता वाढते. रुग्णाला धरून ठेवणारा पट्टा गुडघ्याच्या वर दोन इंच अंतरावर बांधा. पट्ट्याखाली दोन बोटं सरकली पाहिजेत.

घट्ट गुंडाळलेली चादर पॅड म्हणून चालेल का?

आधार म्हणून चालेल, दाब कमी करायला नाही. गुंडाळी वजनाखाली दबून दगडासारखी होते. जेल पॅड नसेल तर दाट फोम कापून घ्या आणि त्याला पुसता येईल असं रेक्झिनचं कव्हर शिवून घ्या. फोम मुठीत दाबून सोडल्यावर फुगला नाही तर तो बदला. पॅडवर चादरींचे चार थर घातले की चांगल्या पॅडचाही उपयोग संपतो.

लिथोटॉमी देताना सगळ्यात जास्त चुका कुठे होतात?

गर्भपिशवी, मूळव्याध, प्रोस्टेट, दुर्बिणीतून काढायचा मूतखडा, या सगळ्यांसाठी हीच अवस्था लागते. रोजची म्हणूनच तिच्यात ढिलाई होते.

आधी दोन्ही बाजूंचे खांब एका उंचीला लावा. रुग्णाची कंबर टेबलाच्या तुटीपर्यंत (पायाकडचा भाग जिथे खाली दुमडतो तिथपर्यंत) आणा, पण माकडहाड कडेबाहेर लोंबू देऊ नका. मग दोन माणसांनी दोन पाय, एक हात टाचेशी आणि एक गुडघ्यामागे धरून, एकाच वेळी उचलायचे. एक पाय आधी आणि दुसरा नंतर केला तर कंबर पिळते, आणि स्पायनल (पाठीत सुई देऊन कमरेखालची भूल) दिलेल्या माणसाला ते जाणवत नाही. मांडी पोटाशी ९० अंशांहून जास्त वाकवू नका आणि जबरदस्तीने फाकवू नका.

गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, जरासं खाली, एक हाड बोटाला लागतं. त्याला वळसा घालून जाणारी नस कातडीच्या अगदी खाली असते. खांब किंवा पट्टी तिथे टेकली तर पाऊल वर उचलता येत नाही, चालताना बोटं जमिनीला घासतात. म्हणून पाय आणि खांब यांच्यामध्ये पॅड हवंच. असिस्टंट मांडीवर रेलत असेल तर त्याला मोकळेपणाने सांगा. तुम्ही नवीन सिस्टर असलात तरी सांगा.

ऑपरेशन दोन तासांवर गेलं तर सर्जनला वेळ सांगा आणि पाय थोडा वेळ खाली घेता येतील का, ते विचारा. पाय बराच काळ वर राहिले की पोटरीत रक्त पुरेसं पोहोचत नाही. खाली घेतल्यावर स्नायू आतल्या आत सुजतो आणि पोटरी लाकडासारखी टणक होते. बोटं वर ओढली की असह्य कळ येते. नाडी लागते म्हणून निर्धास्त राहू नका, कारण ती शेवटपर्यंत लागू शकते. असा पाय दिसला की त्याच क्षणी सर्जनला बोलवा. काही तासांत चिरा देऊन दाब मोकळा केला नाही तर पाय कायमचा जातो.

उतरवताना दोन्ही गुडघे आधी मध्ये जवळ आणा, मग दोन्ही पाय एकाच वेळी, सावकाश सरळ करा. पायांत रक्त परत उतरतं आणि रक्तदाब घसरतो. एप्रिल-मेमध्ये, जळगाव-भुसावळला पारा ४५ अंशांपलीकडे जातो तेव्हा, रात्रीपासून उपाशी असलेला रुग्ण आधीच सुकलेला असतो. त्याचा दाब जास्तच पडतो. पाय खाली आल्याबरोबर दाब मोजा.

बोटं चिरडतात ती कशी?

लिथोटॉमीत हात अंगालगत असले की बोटं नेमकी टेबलाच्या बिजागरीवर येतात. शेवटी पायाकडचा भाग वर उचलला की त्यात बोट सापडतं आणि तुटूही शकतं. तो भाग उचलण्याआधी दहाच्या दहा बोटं डोळ्याने बघा. हात आर्मबोर्डवर असतील तर हा प्रश्नच येत नाही.

सीझरसाठी टेबल किती कलवायचं?

डावीकडे १५ अंश. २० आठवड्यांपुढे गर्भाशय उताण्या बाईच्या पोटातली मोठी शीर दाबतं, रक्तदाब पडतो आणि बाळाला रक्त कमी पोहोचतं. १५ अंश डोळ्याला वाटतात त्याहून बरेच जास्त असतात. ५० सेंमी रुंद टेबलाची उजवी कड डावीपेक्षा साधारण १३ सेंमी वर आली पाहिजे. एकदा पट्टीने मोजून बघा, मग अंदाज बसतो. टेबल कलत नसेल तर उजव्या कमरेखाली पाचरीच्या आकाराचा फोम द्या. बाळ बाहेर येईपर्यंत तो काढायचा नाही.

मूतखड्याच्या ऑपरेशनात पालथं करताना काय सांभाळायचं?

पाठीतून छिद्र पाडून खडा काढताना बहुधा आधी लिथोटॉमीत कॅथेटर (मूत्रमार्गातून वर जाणारी बारीक नळी) घालतात आणि मग रुग्णाला पालथं करतात. एकाच ऑपरेशनात दोन अवस्था येतात, म्हणून प्रत्येक गोष्ट दोनदा तपासायची.

किमान पाच माणसं हवीत: डोक्याशी भूलतज्ज्ञ, दोन्ही बाजूंना मिळून तिघं, पायाशी एक. श्वासाचं सर्किट, ईसीजीच्या वायरी आणि सलाईन क्षणभर सोडवून, अंग ओंडक्यासारखं एकसंध फिरवायचं. फिरवल्याबरोबर नळी जागेवर आहे का, हे भूलतज्ज्ञ छाती ऐकून बघतात. तोवर कोणी लोड सरकवू नये.

एक लोड छातीखाली, एक कमरेच्या हाडाखाली आणि मध्ये पोट मोकळं. पोटाखालून तळहात आरपार गेला पाहिजे. पोट दबलं की श्वासाला जोर लागतो. मोठी शीर दबून रक्त पाठीच्या कण्याभोवतीच्या शिरांत चढतं, आणि मणक्याच्या ऑपरेशनात रक्तस्राव वाढतो. काही सर्जन मूतखड्यासाठी मूत्रपिंड वर यावं म्हणून पोटाखाली लोड मागतात. तेव्हा श्वासाचा दाब आणि रक्तदाब जास्त बारकाईने बघावा लागतो.

बाईचे स्तन लोडाखाली दबू देऊ नका, आतल्या बाजूला घ्या. पुरुषाचं लिंग आणि अंडकोश मोकळे आहेत का, लघवीची नळी अंगाखाली दबली नाही ना, बघा. नडगीखाली उशी द्या, म्हणजे पायाची बोटं गादीत रुतत नाहीत. हात डोक्याच्या बाजूला घेतले तर खांद्यातून ९० अंशांच्या आत ठेवा.

आता डोळे. पापण्या मिटून चिकटपट्टी लावा. बुबुळावर कसलाही दाब नको. कपाळ आणि हनुवटीवर भार, डोळे आणि नाक हवेत. दर १५ ते २० मिनिटांनी खाली वाकून किंवा छोटा आरसा धरून बघा आणि वेळ लिहा. डोळ्यावर दाब राहिला तर दृष्टी जाते आणि परत येत नाही. या पानावरची एकच ओळ लक्षात ठेवायची असेल, तर ती ही ठेवा.

रुग्णाची ट्रॉली ओटीच्या दाराशी तयार ठेवा, दुसऱ्या वॉर्डाला देऊ नका. हृदय थांबलं तर ताबडतोब उताणं करावं लागतं. उताणं करायला वेळ लागत असेल तर तोवर पाठीवर, दोन खांद्याच्या फऱ्यांमध्ये दाब देणं सुरू करता येतं.

कुशीवर झोपवताना काखेत रोल घालतात ना?

काखेत नाही. काखेच्या चार बोटं खाली, बरगड्यांखाली. तो छाती उचलून धरतो आणि काख मोकळी राहते. काखेतच घातला तर ज्या नसा वाचवायच्या, त्याच दबतात. खालच्या हाताची नाडी लागते का बघा, पल्स ऑक्सिमीटर त्याच हाताला लावलं तर अजून बरं. खालचा पाय वाकलेला, वरचा सरळ, मध्ये उशी. खालचा कान दुमडलेला नको. डोक्याखाली इतकी उशी द्या की मान पाठीच्या रेषेत राहील. मूत्रपिंडासाठी टेबलाचा पूल (कमरेखालचा वर उचलता येणारा भाग) उचलला असेल तर काम झालं की तो खाली घ्यायची आठवण सर्जनला करा.

दुर्बिणीच्या ऑपरेशनात डोकं खाली केलं की रुग्ण घसरतो. खांद्याला अडणी लावावी का?

शक्यतो नको. सगळं वजन खांद्यावर येतं आणि मानेतून हाताकडे जाणाऱ्या नसा ताणल्या जातात. त्यापेक्षा न घसरणारी फोम किंवा जेलची गादी थेट पाठीला लागू द्या. मध्ये चादर टाकली की घसरणं सुरू होतं. कुटुंबनियोजनाच्या ऑपरेशनात टेबल कलत नाही म्हणून त्याच्या पायाखाली विटा ठेवू नका. डोकं खाली गेलं की श्वासाची नळी आत सरकून एकाच फुप्फुसात जाऊ शकते, म्हणून कल बदलला की भूलतज्ज्ञांना मोठ्याने सांगा.

जर्मन सर्जन ट्रेंडेलेनबर्ग यांच्या नावाने ओळखली जाणारी डोकं खाली करायची ही अवस्था रक्तदाब पडल्यावरचा उपाय म्हणून अजूनही वापरली जाते. त्याने फारसं काही साधत नाही. पाय उचलणं, सलाईन आणि औषध हेच करायचं.

सिकलसेलच्या (लाल रक्तपेशींच्या आनुवंशिक आजाराच्या) रुग्णासाठी वेगळं काय?

नंदुरबारमध्ये हा प्रश्न रोजचा आहे. थंडी, पाण्याची कमतरता, कमी ऑक्सिजन आणि थांबलेलं रक्त, या चारांनी पेशी विळ्यासारख्या होतात आणि शिरा तुंबतात. म्हणून रुग्ण येण्याआधी एसीचा गारवा कमी करा, गार जेल पॅडवर थेट उघडं अंग टाकू नका, उघडं ठेवायची गरज नसलेलं अंग झाका. कुठलाही हात-पाय दाबाखाली किंवा वाकून अडकलेला नको. टूर्निके (रक्त अडवायला हातापायाला बांधायचा घट्ट पट्टा) लावायचं की नाही, हे सर्जन आणि भूलतज्ज्ञ आधीच ठरवतील. स्वतःहून बांधू नका. या रुग्णांत खुब्याचा गोळा तरुणपणीच झिजलेला असू शकतो. लिथोटॉमीआधी खुबा किती फिरतो, ते जागेपणीच बघा. घोट्याजवळ जुनी जखम असेल तर तिथे पट्टा नको.

खुब्याचं हाड मोडलेली म्हातारी तीन दिवसांनी आली. आधी काय बघायचं?

पाठ. धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यावरून झोळीतून, मग जीपने आलेली बाई तीन दिवस खाटेवर एकाच कुशीला पडलेली असते. माकडहाडाशी आणि टाचेला जखम आधीच सुरू झालेली असू शकते. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही. बोटाने चाचपा: जागा गरम, टणक किंवा भुसभुशीत लागते का? सापडलं ते ऑपरेशनआधीच लिहा. फ्रॅक्चर टेबलावर (मोडलेला पाय ताणून धरणाऱ्या टेबलावर) दोन पायांच्या मध्ये येणारा खांब जाड पॅडने गुंडाळा, आणि गरजेपुरताच ताण देऊन काम झालं की लगेच सोडा. तो दाब गुप्तांगाच्या नसेवर येतो.

कॉटरीची प्लेट आणि झोपवण्याचा संबंध काय?

अवस्था बदलली की प्लेट सुटते. मांसल, कोरड्या, केस नसलेल्या जागी, ऑपरेशनच्या जवळ लावा. हाडावर, व्रणावर किंवा आत रॉड असलेल्या जागी नको. घामाने ओल्या कातडीला ती नीट चिकटत नाही, आधी पुसून घ्या. सर्जनने "कॉटरी कमी चालते" म्हटलं की आकडा वाढवण्याआधी प्लेट बघा. स्पिरिट पाठीखाली साचू देऊ नका. त्याने कातडी जळते आणि ठिणगीने पेट घेते.

स्पायनलमध्ये रुग्ण जागा असतो. दुखलं तर सांगेलच ना?

कमरेखालचं सांगू शकत नाही. पाय खांबात दबला तरी तो शांतपणे गप्पा मारत राहतो. हातांचं मात्र विचारा, दर अर्ध्या तासाने.

मध्येच वीज गेली आणि टेबल अडकलं तर?

विजेवर चालणाऱ्या टेबलाला बहुधा बॅटरी असते, ती रोज रात्री चार्जिंगला लावा. हाताने किंवा पायाने चालवायची सोय कुठे आहे, हे ओटीतल्या प्रत्येकाने एकदा स्वतः करून बघितलेलं असावं. टेबलाची वजनमर्यादा त्यावरच्या पट्टीवर लिहिलेली असते. टेबल एका बाजूला सरकवलं किंवा उलटं वापरलं की ती कमी होते.

नोंद काय करायची?

"पोझिशन दिली" एवढं पुरत नाही. असं लिहा: "लिथोटॉमी १०.२० ते ११.४५. दोन्ही पाय एकाच वेळी वर, गुडघ्याबाहेर जेल पॅड. हात आर्मबोर्डवर, ८० अंश, तळवे वर. प्लेट डाव्या मांडीवर. पाय एकाच वेळी खाली, रक्तदाब ११०/७०. शेवटी पाठ, टाचा, कोपरं पाहिली, लाली नाही." टेबल हलवलं की पुन्हा तपासल्याची वेळही लिहा. पहिल्यांदा सगळेच नीट झोपवतात. टेबल कललं, सर्जनने जागा बदलली, त्यानंतर कोणी बघत नाही, आणि इजा तिथेच होते.

ऑपरेशननंतर करंगळी बधिर आहे किंवा पाऊल उचलत नाही. आता?

भूल उतरेल म्हणून दोन दिवस वाट बघू नका. स्पायनलचा असर ओसरायची वेळ टळून गेली तर लगेच डॉक्टरांना सांगा, कारण मणक्यात रक्त साचणं हे तातडीचं कारण आधी वगळावं लागतं. नुसत्या मुंग्या बहुधा काही दिवसांत जातात. ताकदच गेली असेल किंवा बधिरपणा पाच दिवसांपुढे राहिला तर मेंदू-नसांच्या तज्ज्ञांकडे पाठवा. लटक्या पावलाला त्याच दिवशी स्प्लिंट बांधा आणि फिजिओथेरपी सुरू करा, नाहीतर घोटा आखडतो. नसेची तपासणी ३ ते ४ आठवड्यांनी जास्त स्पष्ट बोलते.

नातेवाइकांना खरं सांगा. करंगळीची नस पॅड असूनही कधी कधी दुखावते, आणि त्रास दोन-चार दिवसांनी सुरू होतो. माकडहाडावरची जखमही ओटीतून निघताना दिसत नाही, ४८ ते ७२ तासांनी वर येते आणि भाजल्यासारखी दिसते. म्हणून तिसऱ्या दिवशी ड्रेसिंगच्या वेळी रुग्णाला कुशीवर वळवून पाठ आणि टाचा पुन्हा बघा, आणि डिस्चार्जच्या कागदावर लिहून द्या: हातापायाला मुंग्या आल्या, पाऊल उचललं नाही किंवा पाठीवर काळा-लाल डाग दिसला, तर टाके काढायच्या तारखेची वाट न बघता परत या.